बिनमजकुराचं कार्ड

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानात यांना दरवर्षी कंपनीवाले डायऱ्या देतात आणि दरवर्षी त्या कपाटावर धूळ खात पडतात. त्यातली एक आज खाली काढली. प्रत्येक पानाच्या तळाला खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. असू दे. मला कोणाशी तरी बोलायचंय आणि या घरात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलंय.

आज दहा दिवस झाले. ढब्याच्या गाडीखाली माणूस गेला.

एवढं एक वाक्य लिहायला अर्धा तास लागला. ढब्या म्हणजे माझा मुलगा. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीने ठेवलेलं नाव, आता सव्वीस वर्षांचा काटकुळा झाला तरी चिकटून राहिलंय. त्या मंगळवारी संध्याकाळी तो कामावरून गाडी घेऊन घरी येत होता. गेलेला माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. मागे बायको आणि अकरा वर्षांची मुलगी. ढब्या जामिनावर घरी आलाय, पण खोलीबाहेर येत नाही. ताट दाराशी ठेवावं लागतं आणि अर्धं तसंच परत येतं.

आता जे लिहिते ते कोणालाच माहीत नाही. त्या वेळी तो माझ्याशी फोनवर बोलत होता. फोन मीच केला होता. मी करते त्या भेटकार्डांचा जाड पांढरा कागद संपला होता, येताना घेऊन ये, एवढंच सांगायला. पोलिसांना त्याने सांगितलं की फोन बॅगेत होता. शहाणा आहे, स्वतःचा बचाव बरोबर सुचला. मीही गप्प बसले. आईने मुलाविरुद्ध तोंड उघडायचं का? आणि गाडी चालवताना फोन उचलायचा नसतो, हे सव्वीस वर्षांच्या घोड्याला कळायला नको? मी काय त्याच्या शेजारी बसले होते?

हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. कसलं काय.


सोमवार, २४ फेब्रुवारी

वकीलबाई आल्या होत्या. बाई हुशार आहेत, पण चहा घेतानासुद्धा घड्याळ बघतात. म्हणाल्या, "आपलं म्हणणं एकच. माणूस अचानक समोर आला, ब्रेक मारायला वेळच मिळाला नाही. हे सोडून घरातल्या कोणी काही बोलायचं नाही."

मी विचारलं, गेलेल्या माणसाच्या बायकोला भेटून यावं का?

"मुलाने तर त्या घराच्या आसपासही फिरकायचं नाही, जामिनाची अटच आहे. आणि तुम्हीही लेखी काही देऊ नका. एक ओळ नको. 'सॉरी'सुद्धा नको. कोर्टात ती कबुली ठरते."

ढब्या भिंतीला टेकून उभा होता. वकीलबाई गेल्यावर पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. "आई, तू यात काही बोलू नकोस. तुझं नाव यात कुठेच नाहीये." आणि दार लावून घेतलं.

म्हणजे मी परकी झाले. नऊ महिने पोटात वाढवला, आता माझं नाव यात नाही म्हणे. राग धरून बसलाय माझ्यावर, दुसरं काय.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

रोज ठरवते की फोनमध्ये ती वेळ बघायची. किती वाजता लावला, किती मिनिटं बोललो. आज धीर करून बघितलं तर त्या दिवसाचा तो कॉलच दिसत नाही. आधीचे दिसतात, नंतरचे दिसतात. फोन जुना झालाय, काहीबाही आपोआप पुसून टाकतो. यांना दाखवला तर चष्मा पुसत म्हणाले, "जाऊ दे. बघूच नकोस." यांना माझ्या कुठल्याच गोष्टीचं काही वाटत नाही.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज ठरवलं. त्या बाईंना कार्ड द्यायचं. लिहायचं नाही ना? मग लिहीत नाही. पण मला दुसरं येतं काय? अकरा वर्षं जेवणाच्या टेबलावर कार्डं करते मी. बारशापासून निवृत्तीपर्यंत लोकांना काय वाटतं ते मी कागदावर उतरवून दिलंय. माझ्या स्वतःच्या वेळी हात का बांधून घ्यायचे?

दुपारी डायचा डबा उघडला. डाय म्हणजे पत्र्याचे पातळ साचे, बिस्किटाच्या साच्याला असते तशी धार असलेले. फुलांचे, पानांचे, अक्षरांचे. अक्षरांचे सगळे टेबलावर मांडले. अभिनंदन. वाढदिवसाच्या शुभेच्छा. धन्यवाद. लवकर बरे व्हा. नव्या घरासाठी शुभेच्छा. हे सगळं लोकांना एकमेकांना म्हणावंसं वाटतं म्हणून कारखान्यात साचे होतात. मला जे म्हणायचंय त्याचा साचा कोणी केलेला नाही, आणि करणार तरी कोण?

तेवढ्यात थोरली मुलगी आली. तिचं सासर दोन गल्ल्या पलीकडे, शाळा सुटली की डोकावते. टेबल बघून म्हणाली, "ऑर्डरी सुरू केल्यास वाटतं?"

मी सांगितलं काय करतेय ते.

"कार्ड? आई, त्यांच्या नवऱ्यावर तू चमकी लावणार आहेस?"

"चमकी कोण लावतंय? साधं करणार आहे."

"हे त्यांच्यासाठी करतेस की तुझ्यासाठी?"

शिक्षिका झाली म्हणून आईला असे प्रश्न विचारायचे का? मी म्हटलं, भाजी फोडणीला टाकायचीय, ऊठ. ती उठून गेली. भाजी करायची नव्हतीच.


शनिवार, १ मार्च

सकाळपासून आभाळ करतेय. शाईचे पॅड आणि दाढीच्या ब्रशासारखे मऊ ब्रश. यात खुबी एकच आहे: ब्रश थेट कागदावर टेकवायचा नाही. टेकवला की तिथे गोल डाग पडतो आणि तो जन्मात जात नाही. आधी खालच्या काचेवर टेकवायचा, हलक्या हाताने गोल गोल फिरवत बाहेरून कागदावर आणायचा. फिकट आधी, गडद नंतर. एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कोणाला सांगता येता कामा नये.

पहिलं आभाळ चिखलासारखं झालं. निळ्यावर केशरी गेलं की असंच होतं, मध्ये पिवळ्याची पट्टी सोडावी लागते, हे मी नवशिक्यांना शिकवते आणि आज मीच विसरले. दुसरं जमलं. खाली केशरी, मध्ये गुलाबी, वर जांभळं. हात आपोआप चालत होता, मी गुणगुणत होते. गुणगुणत होते! कडा टिपायला उचलून धरलं, तेव्हा लक्षात आलं की हे पावणेसातचं आभाळ आहे. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, फोन कानाला लावून मी हेच बघत होते. ढब्याला सांगितलंही होतं, बघ रे आभाळ काय सुंदर दिसतंय.

कागद फाडून टाकला. हात धुतले तरी नखांत केशरी राहिलं होतं.


सोमवार, ३ मार्च

कार्ड झालं. एकच रंग वापरला, राखाडी निळा. तळाशी गडद, वर जाता जाता विरत नुसता कागद. त्यावर पांढऱ्या कागदातून कापलेली एक फांदी. फांदीचा साचा नाजूक आहे, काड्या सुतासारख्या. साचा सरकू नये म्हणून चिकटपट्टीने धरला, दोन प्लास्टिकच्या पाट्यांमध्ये घातला आणि दाबून कापायच्या मशीनचं हँडल फिरवलं. करकर आवाज झाला. पहिल्या खेपेला दोन काड्या कापल्याच नाहीत, दुसऱ्या खेपेला एक तुटली, तिसऱ्या खेपेला सगळी अखंड सुटली. सुईने बारीक तुकडे टोकरून काढताना श्वास धरून बसले होते.

आत काही लिहिलं नाही. नाव नाही, तारीख नाही. उघडलं की दोन्ही बाजूंना पांढरं.

यांना दाखवलं. यांनी बराच वेळ हातात धरलं. म्हणाले, "चांगलं झालंय. पण याने काय होणार?"

मी म्हटलं, त्यांना कळेल की कोणीतरी दुःखात आहे.

"ते त्यांना ठाऊकच आहे," हे म्हणाले आणि दुकानात गेले.


बुधवार, ५ मार्च

देऊन आले. पायात गोळे आले आहेत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीला लिफ्टच नाही, तीन मजले चढून जावं लागलं. पत्ता ढब्याच्या केसच्या कागदांवर होता. कार्ड पाकिटात घातलं नव्हतं, पातळ कागदात गुंडाळून नेलं.

वाटेत दहा वेळा मनात म्हणून बघितलं. मी त्याची आई. मी त्याची आई. बेल वाजवली आणि सगळं पुसून गेलं. दार मुलीने उघडलं. दोन वेण्या, एक सुटलेली. हातात कंपासपेटी. म्हणाली, "आई कामावरून आली नाहीये."

मी कार्ड पुढे केलं. "हे तिला दे."

तिने घेतलं, माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही बाबांच्या ऑफिसातल्या का?"

मी मान हलवली. होय अशी.

लिहिणारच आहे तर खरं लिहावं. मी अकरा वर्षांच्या मुलीशी तिच्याच उंबऱ्यात खोटं बोलले. मान हलवली म्हणजे बोललेच. ती "थँक्यू काकू" म्हणाली. जिना उतरताना मी कठडा सोडला नाही.


गुरुवार, ६ मार्च

अरे देवा, हे काय करून बसले मी!

आज अकरा वाजता एका बाईंच्या बारशाच्या कार्डांना मागून शिक्का मारत होते आणि हात हवेतच थांबला. माझा शिक्का. अकरा वर्षं प्रत्येक कार्डाच्या पाठीवर, खाली मधोमध मारते: "हाताने आणि मनापासून केलेलं. तुमच्या आनंदाच्या ऑर्डरीसाठी", आणि पुढे माझा फोन नंबर. कार्ड झालं की पाठ वळवायची, शिक्का मारायचा, वाळत ठेवायचं. हे मी ठरवून करत नाही, दार लावताना कडी घालावी तसं होतं.

त्या कार्डावरही मारलाय. मला आठवतंय, मारला आणि वाळत ठेवला. तुमच्या आनंदाच्या ऑर्डरीसाठी! त्या बाईच्या हातात मी हे दिलं.

यांना सांगितलं तर हे कपाळाला हात लावून बसले. थोरलीला सांगायची हिंमत नाही.


शनिवार, ८ मार्च

त्यांचा फोन आला.

दुपारी एक वाजता. अनोळखी नंबर. मी नेहमीच्या आवाजात "बोला" म्हटलं.

"तुम्ही कार्डं करता ना? मागे नंबर होता म्हणून केला." आवाज दमलेला होता, पण स्वच्छ. "बुधवारी माझ्या घरी एक कार्ड आलं. निळ्यावर पांढरी फांदी. कोणी करून घेतलं ते सांगाल का? आत नाव नाहीये."

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "गिऱ्हाइकाने नाव सांगितलं नाही."

"बाई होत्या ना? मुलगी म्हणाली ऑफिसातल्या. मी ऑफिसात विचारलं, तिथे कोणालाच माहीत नाही." मग म्हणाल्या, "राग मानू नका हं, तुम्हाला उगाच त्रास देतेय. इतकी पत्रं आली, सगळ्यांनी काही ना काही शिकवलंय. धीर धरा, मुलीकडे बघा, देवाची इच्छा. हे एकच आलं ज्यात काही नव्हतं. म्हणून वाटलं, ही बाई त्यांना जवळून ओळखत असेल. तिला एक विचारायचं होतं."

मी विचारायला नको होतं. तरी विचारलं, "काय?"

"शेवटच्या दिवशी कामावर ते कसे होते. कारण त्या गाडीवाल्याच्या वकिलांनी लिहून दिलंय की ते अचानक समोर आले. माझा नवरा दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचा. पाय टाकायच्या आधी बघायचं त्यांना वळणच होतं, घरातल्या घरात पायपुसण्यावर पाय ठेवतानाही बघायचे, मी हसायचे. असा माणूस अचानक कसा समोर येईल? मग लोक म्हणायला लागले की मुद्दाम आला असेल. कामावर काही कुरबूर चालली होती, त्यावरून. शाळेत कोणीतरी ते मुलीला ऐकवलं. आता ती रोज विचारते, आई, बाबांना आपण नको होतो का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या बाई पुन्हा आल्या तर माझा नंबर द्या," त्या म्हणाल्या. "कार्ड फार छान केलंय तुम्ही. मुलीने टेबलावर उभं करून ठेवलंय."

मी "थँक्यू" म्हटलं. तिला मी थँक्यू म्हटलं. फोन ठेवल्यावर किती वेळ तशीच बसून होते कोण जाणे, चहा गॅसवर आटून भांडं जळलं.


सोमवार, १० मार्च

दोन दिवस स्वतःशी भांडतेय. बोलले तर ढब्या आत जाईल. फोन बॅगेत होता असं सांगून मग तो कानाला होता हे निघालं तर वकीलबाईंचा "अचानक" कुठे टिकणार? आणि नाही बोलले तर ती मुलगी जन्मभर हा प्रश्न घेऊन मोठी होणार. मी कोणाची आई आहे? माझ्याच मुलाची ना? मग दुसरीच्या मुलीचं माझ्या डोक्यावर का?

पण त्या संध्याकाळचं मी इथेही पुरतं लिहिलेलं नाही. लिहिते.

ढब्याने फोन उचलला तेव्हा पहिलं वाक्य हे म्हणाला होता: "आई, गाडी चालवतोय, घरी आल्यावर बोलू." मी म्हटलं, "अरे दोन मिनिटं ऐक, तोवर दुकान बंद होईल." मग कागद कसा हवा ते सांगत बसले. दुधासारखा पांढरा, पिवळट नको. गेल्या वेळी पिवळट आणलास. अडीचशेच्या जाडीचा आण. मग त्याला परत म्हणून दाखवायला लावलं, शाळेतल्या पोरासारखं. तो म्हणत होता, "दुधासारखा, पिवळट नाही, अडीचशे..." आणि मग आवाज झाला.

तो फोन ठेवत होता. मी ठेवू दिला नाही.

आता वाचून बघितलं. यात मी त्याला सव्वीस वर्षांचा घोडा म्हटलंय पहिल्या पानावर. लाज वाटते स्वतःची.


बुधवार, १२ मार्च

दुपारी ढब्याच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. तो खिडकीशी बसला होता, दाढी वाढलेली. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि त्या बाईंचा फोन, मुलीचा प्रश्न, सगळं सांगितलं. म्हटलं, मला त्यांना खरं सांगायचंय. पण तू नको म्हणालास तर नाही सांगणार.

मला वाटलं हाकलून देईल.

तो म्हणाला, "ते अचानक आले नव्हते, आई. कडेला उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलत होतो म्हणून गाडी हळू होती, त्यांना वाटलं मी थांबतोय. त्यांनी हात वर केला, थांब असा, आणि मग रस्त्यावर उतरले. मी बघितलं त्यांना. आणि मग खाली वाकलो."

"खाली कशाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "पेन शोधायला."

तेव्हा मला आठवलं. लिहून घे कुठेतरी, मी म्हटलं होतं. नाहीतर विसरशील. हे मी वहीत लिहिलं नव्हतं, मनातही येऊ दिलं नव्हतं.

"पोलिसांना फोन बॅगेत होता म्हणालो," तो म्हणाला, "कारण पुढचा प्रश्न असता, कोणाशी बोलत होतास. तुला बोलावलं असतं. तू तिथे बसून ऐकलं असतंस की पेनाचं काय झालं. मला ते नको होतं."

एवढे दिवस मला वाटत होतं हा स्वतःला वाचवतोय. मग रडू फुटलं, त्यालाही, मलाही. ढब्या लहान असताना रडायचा तसा रडला, नाक ओढत.

आवाज ऐकून हे दारात येऊन उभे राहिले. जेवायला घरी आले होते. म्हणाले, "फोनमधला कॉल मी पुसला होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या रात्रीच बघितला."

"अहो पण पुसून काय होतं? फोन कंपनीकडे राहतोच ना तो."

"पोलिसांसाठी नाही पुसला," हे म्हणाले. "तुला रोज दिसू नये म्हणून."

तिघं तिथेच बसलो. ताटं गार झाली. शेवटी ढब्या म्हणाला, "सांग त्यांना. मी जबाब बदलतो." आणि उठून स्वतःच्या हाताने भात वाढून घेतला. महिन्यात पहिल्यांदा टेबलावर जेवला.


शुक्रवार, १४ मार्च

वकीलबाई फोनवर एवढ्या चिडल्या की मी फोन कानापासून लांब धरला. मग शांत झाल्या आणि म्हणाल्या, उद्या सकाळी दहाला दोघांनी जबाब द्यायला या, मी येते. ढब्याला शिक्षा होईल का, विचारलं. म्हणाल्या, "आता होईल. किती, ते सांगता येणार नाही."

ढब्याने ऐकलं आणि इस्त्री तापत ठेवली, उद्याच्या शर्टासाठी. बघवलं नाही मला. चप्पल घातली आणि निघाले. या वेळी हातात काही नव्हतं.

दार त्या बाईंनी स्वतःच उघडलं. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. कामाचे कपडे तसेच होते, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. मागे टेबलापाशी मुलगी वह्या घेऊन बसली होती. माझ्याकडे बघून लगेच म्हणाली, "आई, ह्याच काकू! ऑफिसातल्या!"

"मी ऑफिसातली नाही," मी म्हटलं. "मी कार्डवाली. आणि ज्या गाडीने... मी त्या मुलाची आई आहे."

त्यांचा हात दारावर गेला. मला वाटलं लावतील. मी घाईघाईने बोलायला लागले, कारण थांबले असते तर पुन्हा मान हलवून परत आले असते. फोन मी केला. तो ठेवतो म्हणाला, मी ठेवू दिला नाही. त्याला लिहून घ्यायला सांगितलं, तो पेन शोधायला वाकला. तुमचा नवरा अचानक आला नव्हता. कडेला उभा होता. त्याने गाडीकडे बघितलं, हात वर केला, मग पाय टाकला. उद्या हे आम्ही पोलिसांत सांगणार आहोत. वकिलांचं ते "अचानक" खोटं होतं आणि मी ते ऐकून गप्प बसले.

त्या "बसा" म्हणाल्या नाहीत. रडल्याही नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या, त्यासाठीच मन घट्ट करून आले होते. मग हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "म्हणजे ते बघून उतरले होते."

"हो."

"हात वर केला होता."

"हो."

खांद्यावरची पिशवी त्यांनी खाली ठेवली. "तुम्हाला मी माफ करणार नाही," त्या म्हणाल्या. "ते मनात आणू नका." मग आत वळून हाक मारली, "इकडे ये गं." मुलगी आली, पेन्सिल हातात घेऊन. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता पुन्हा सांगा. हिला सांगा."

मी उंबऱ्याबाहेर खाली बसले, तिच्या डोळ्यांसमोर माझे डोळे येतील इतकी. गुडघे कुरकुरले. पहिल्यापासून सांगितलं, सोप्या शब्दांत. फोनचं सांगितलं, पेनाचं सांगितलं, तुझ्या बाबांची काही चूक नव्हती, ते घरीच येत होते, हे सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठला हात वर केला होता बाबांनी?"

मला माहीत नव्हतं. उजवा म्हणून मोकळी झाले असते, ओठांवर आलंही होतं. म्हटलं, "मला माहीत नाही. विचारून सांगते."

"नक्की?"

"नक्की."

घरी आले तेव्हा ढब्या शर्टाच्या बाहीला इस्त्री करत होता. मी दारातूनच विचारलं. त्याने इस्त्री उभी करून ठेवली, डोळे मिटले आणि मग स्वतःचा उजवा हात वर केला, तळवा पुढे करून, खांद्यापर्यंत. बराच वेळ त्याने तो खाली घेतला नाही.

मी त्या बाईंचा नंबर लावला. फोन मुलीनेच उचलला. "उजवा," मी म्हटलं. ती म्हणाली, "थांबा, लिहून घेते."